सत्याचें अवगुंठन

फ्रान्समध्यें अठराव्या शतकांत जो प्रसिद्ध ज्ञानकोश निघाला, त्याच्या प्रारंभीं लावण्यासाठीं म्हणून काढलेलें एक रूपकचित्र आहे. त्याचें मूळ रेखाटन शार्ल-निकोला कोशँ या चित्रकारानें इ. स. १७६४ मध्यें केलें. तें तांब्याच्या पत्र्यावर कोरण्याचें काम बोनाव्हांत्यूर-लुई प्रेव्हो यानें १७७२ मध्यें केलें, आणि मग त्याचे छाप वर्गणीदारांच्या हातीं पडले. म्हणजे ग्रंथाचा पहिला खंड १७५१ चा, आणि त्याचें मुखचित्र एकवीस वर्षांनंतरचें! आज हे छाप युरोप-अमेरिकेंतील निरनिराळ्या ग्रंथालयांत व संग्रहालयांत सांपडतात.

आमची या चित्राशीं पहिली ओळख विद्यार्थिदशेंत एका इंग्रजी इतिहासग्रंथांतील टीचभर प्रतिकृतीवरून झाली होती. तीवरून आम्हांस एवढाच बोध झाला कीं, पुष्कळशा स्त्रिया ढगांत दाटीवाटीनें बसल्या आहेत. खरा छाप पाहण्याचा योग त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनीं एका परदेशीय संग्रहालयांत आला. तेथील रीत अशी कीं, कागदावरील चित्रें उजेडानें खराब होतात म्हणून तीं भिंतीवर टांगून न ठेवतां पेट्यांत मिटून ठेवतात, आणि कोणीं मागितलीं म्हणजे तेवढ्यापुरतीं बाहेर काढून मेजावर आणून देतात. ज्या चित्रांत सत्याच्या तेजानें ढग पळत आहेत, त्या चित्राला स्वतः अंधारांत दिवस काढावे लागतात हें पाहून आम्हांस थोडें हसूं आलें. पण चित्र समोर आल्यावर तें हसूं फार वेळ टिकलें नाहीं.

चित्र उभट आहे. वरच्या भागीं आयोनिक धर्तीच्या खांबांचें एक मंदिर आहे. तें सत्याचें मंदिर. तेथें सत्यदेवता उभी आहे. तिच्या अंगावर पातळ अवगुंठन आहे, आणि तरीहि तिच्यापासून निघणारा प्रकाश ढगांना दूर सारीत आहे. तिच्या एका बाजूस बुद्धि व तत्त्वविद्या या दोघी. दुसऱ्या बाजूस कल्पना, सत्याला सजवून तिच्या मस्तकीं माला घालण्याच्या तयारींत. पायांशीं धर्मविद्या गुडघे टेकून बसली आहे. त्यांच्या खालीं स्मृति, प्राचीन व अर्वाचीन इतिहास. इतिहास वृत्तांत लिहीत आहे आणि काल त्याला आधार देत आहे. आणखी खालीं भूमिति, ज्योतिष, पदार्थविज्ञान. त्याखालीं प्रकाशविद्या, वनस्पतिविद्या, रसायन आणि कृषि. कल्पनेच्या बाजूस महाकाव्य, नाट्य, उपहासकाव्य, गोपकाव्य, आणि त्यांच्यामागून संगीत, चित्र, शिल्प, स्थापत्य. अगदीं तळाशीं विद्यांपासून निघालेले नाना प्रकारचे धंदे. ही नामावळी आमच्या तर्काची नव्हे. चित्राबरोबर एक छापील खुलासा दिलेला होता; त्यावरून ती घेतली आहे. तो खुलासा हातीं नसता तर यांतली कृषि कोणती आणि रसायन कोणतें हें ओळखतांना आमच्यासारख्याची तारांबळच उडाली असती.

मराठी वाचकाला प्रथम चमत्कारिक वाटावयाचें तें हें कीं, एवढ्या साऱ्या विद्या स्त्रीरूपांतच कां? याचें उत्तर व्याकरणांत आहे. सत्य, बुद्धि, तत्त्वविद्या, धर्मविद्या, इतिहास, भूमिति हीं सारीं नांवें फ्रेंच भाषेंत स्त्रीलिंगी आहेत. काल मात्र पुल्लिंगी. म्हणून तो म्हातारबोवा. आपलें सत्य बिचारें नपुंसकलिंगी पडल्यामुळें त्याची मूर्ति कल्पिणें आपणांस अवघड जातें. पण प्रकार आपणांस अनोळखी नाहीं. कृष्णमिश्रानें अकराव्या शतकांत लिहिलेल्या प्रबोधचंद्रोदय नाटकांत विवेक हा राजा आहे, मति त्याची राणी आहे, महामोह त्याचा शत्रु आहे, आणि शांति आपल्या हरवलेल्या आईला, श्रद्धेला, दारोदार शोधीत फिरते. एरव्हीं रूपकांविषयीं आमचें मत फारसें अनुकूल नाहीं हें सांगून टाकणें बरें. पुष्कळ रूपकांत मनुष्यें इतकीं तत्त्वें होऊन बसतात कीं, त्यांच्याविषयीं राग-लोभ उरत नाहीं. शांति श्रद्धेला शोधते तेव्हां मात्र तत्त्व विसरून मुलगी आईला शोधते आहे असें वाटतें, आणि मन द्रवतें. कोशँच्या या चित्रांतहि अशी एक जागा आहे, आणि तिच्यासाठींच आम्ही हें लिहीत आहों.

ती जागा म्हणजे बुद्धि व तत्त्वविद्या यांचे हात. खुलाशाप्रमाणें या दोघींपैकीं एक सत्याचें अवगुंठन उचलीत आहे आणि दुसरी तें ओढून काढीत आहे. क्रियापदें मुद्दाम दोन आहेत. उचलणाऱ्या हाताला थांबतां येतें, मागें घेतां येतें, समोरच्याची मुद्रा पाहून पुढें किती जावें हें ठरवितां येतें. ओढणाऱ्या हाताला यांतलें कांहींच करतां येत नाहीं. फ्रेंच वाचकाला यांत ज्ञानाचा आवेश दिसला असेल. पण सभापर्व ऐकत वाढलेल्या आम्हां लोकांस एका स्त्रीच्या अंगावरील वस्त्राला हात घातलेला पाहून दुसरेंच कांहीं आठवतें, आणि त्या आठवणींत ओढणाऱ्याची बाजू न्यायाची नसते. ईशावास्योपनिषदांत सत्यावरचें आच्छादन दूर होण्यासाठीं सूर्याची प्रार्थना केली आहे. तेथें भक्ताचा हात त्या आच्छादनाला लागतच नाहीं. प्रार्थना करावी, उचलावें, कीं ओढावें? मेजापाशीं बसून आम्ही बराच वेळ हाच प्रश्न घोळवीत होतों, आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर आपण फार मार्मिक विचार करीत आहों असेंहि आम्हांस वाटत होतें.

पुढें घरीं परतल्यावर या चित्राचा इतिहास अधिक वाचला, तेव्हां आमचा प्रश्नच चुकला होता असें दिसून आलें.

ज्ञानकोशाचा मुख्य संपादक देनी दिदेरो यानें या चित्राविषयीं स्वतः लिहून ठेविलें आहे. कोशँचें रेखाटन १७६५ मध्यें पॅरिसच्या लूव्र राजवाड्यांतील चित्रप्रदर्शनांत मांडलें होतें. त्या प्रदर्शनांचें परीक्षण दिदेरो आपला मित्र ग्रिम याच्या पत्रिकेसाठीं करीत असे. ती पत्रिका छापीत नसत. हातानें लिहून तिच्या प्रती युरोपांतील मोजक्या राजेरजवाड्यांकडे पाठवीत. तेथें दिदेरोनें चित्राच्या रचनेची स्तुति केली, वरच्या रांगेंतील मंडळी पुरेशी मागें व खालची पुरेशी पुढें आलेली नाहीं अशी तक्रारहि केली, आणि धर्मविद्येविषयीं असें म्हटलें कीं, ती सत्याकडे पाठ करून बसली आहे व प्रकाश वरून कोठून तरी येईल म्हणून वाट पाहत आहे. आतां वर्गणीदारांना दिलेला छापील खुलासा पाहावा. त्यांत तीच धर्मविद्या सत्याच्या पायांशीं गुडघे टेकून वरून येणारा प्रकाश ग्रहण करीत आहे. मूर्ति एक, बैठक एक. खाजगी वाचकांसाठीं ती विमुख आहे, आणि जाहीर वाचकांसाठीं भाविक! सत्याचें अवगुंठन दूर होत असल्याचें जें चित्र, त्याच्याच वर्णनावर हें अवगुंठन घातलेलें आहे.

यास लबाडी म्हणावें काय? इतक्या लवकर तसें म्हणणें योग्य होणार नाहीं. दिदेरोला १७४९ मध्यें अंधांविषयीं लिहिलेल्या एका पुस्तकामुळें व्हँसेनच्या किल्ल्यांत कैदेंत पडावें लागलें होतें. प्रथम त्यानें तें पुस्तक आपलें नव्हेच म्हणून सांगितलें. कांहीं आठवडे कोठडींत काढल्यावर कबूल केलें. सुटून आल्यावर त्यानें आपलीं अत्यंत धीट लिखाणें पेटींत ठेवण्यास आरंभ केला. त्यांपैकीं रामोच्या पुतण्याविषयींचा तो अद्‍भुत संवाद त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनीं, १८०५ मध्यें, प्रथम प्रसिद्ध झाला, आणि तोहि गटेनें केलेल्या जर्मन भाषांतराच्या रूपानें. ज्ञानकोशाचीहि हीच कथा. १७५२ मध्यें पहिल्या दोन खंडांवर बंदी आली. १७५९ मध्यें सरकारनें छापण्याचा परवानाच काढून घेतला, आणि त्याच वर्षीं रोमहून पोपचा निषेध आला. सहसंपादक दालाँबेर तत्पूर्वींच कंटाळून बाजूस झाला होता. चित्रांच्या खंडांना मात्र निराळा परवाना मिळाला, त्यामुळें एकाच ग्रंथाचीं चित्रें कायदेशीर आणि मजकूर बेकायदेशीर अशी स्थिति काहीं वर्षें होती. शेवटचे दहा खंड बाहेर पडले ते नशातेल येथें छापल्याचा खोटा शिक्का घेऊन. छापले अर्थात् पॅरिसमध्येंच.

या सर्व प्रकारांत सरकारी माणसांचें वर्तन पाहिलें म्हणजे कोण कोणत्या बाजूस हें कळेनासें होतें. मुद्रणावर देखरेख ठेवणारा अधिकारी मालझेर्ब हा १७५२ त दिदेरोचीं हस्तलिखितें जप्त करण्याचा हुकूम सोडणार होता. त्यानें आदल्या दिवशीं तसें दिदेरोला कळविलें, आणि एवढे कागद इतक्या थोड्या वेळांत लपवावे कोठें असा प्रश्न पडतांच ते आपल्याच घरीं पाठविण्यास सांगितलें. ही हकीकत दिदेरोच्या कन्येनें लिहून ठेविली आहे. ज्याच्या घराची झडती कोणी घेणार नाहीं असें एकच घर पॅरिसांत होतें, तें झडती घेणाऱ्याचें! खुद्द कोशँहि दरबारचाच मनुष्य. राजाच्या संग्रहांतील रेखाचित्रांचा तो रक्षक होता आणि राजकीय कलापरिषदेचा चिटणीस होता. निषिद्ध ग्रंथाचें मुखचित्र त्यानें काढलें, आणि तें प्रदर्शनांत राजवाड्याच्या भिंतीवर लागलें.

अशा देशांत व अशा काळांत उघड बोलावें कीं आडपडदा ठेवून बोलावें, हा प्रश्न घरीं आरामखुर्चींत बसून सोडविण्याचा नाहीं. शिवाय ज्ञानकोशकारांच्या आडपडद्याचा एक विशेष होता. त्यांचा एक आवडता डाव म्हणजे 'अमुक लेखहि पाहा' असे संदर्भ देण्याचा. नरमांसभक्षकांवरचा लेख अगदीं सरळ, पण त्याच्या शेवटीं ख्रिस्ती प्रसादविधीवरील लेख पाहण्याची सूचना! वाचकानें दोन पानें शेजारीं ठेवलीं म्हणजे जें कोणींच लिहिलेलें नाहीं तें त्याच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. आणि गंमत ही कीं, ही युक्ति दिदेरोनें लपवूनहि ठेवली नाहीं. पांचव्या खंडांत, १७५५ मध्यें, 'ज्ञानकोश' याच शब्दावरील आपल्या दीर्घ लेखांत त्यानें या संदर्भांचा उपयोग काय तो सांगून टाकला. दाराला कुलूप घालून किल्ली त्याच दाराच्या खुंटीस अडकवावी, तसा हा प्रकार. पडदा होता, पण त्याची कडा वाचकाच्या हातीं ठेविलेली होती. ज्याला उचलावयाचा त्यानें उचलावा.

आतां या ग्रंथाचा मुद्रक व प्रमुख प्रकाशक ल ब्रेतों याच्याकडे वळूं. हा राजाचा मुद्रक होता, पैसेवाला होता, आणि भित्रा होता. परवाना गेल्यानंतर उरलेले दहा खंड गुपचूप छापण्याचें काम चालू असतां त्यानें काय केलें, तर दिदेरोनें शेवटचीं मुद्रितें तपासून संमति दिली कीं मग रात्रीं, आपल्या एका हस्तकाच्या साहाय्यानें, त्यांतील धोक्याचीं वाटणारीं वाक्यें, परिच्छेद, कोठें कोठें पानेंच्या पानें काढून टाकावीं, उरलेले तुकडे जमतील तसे सांधावे, आणि तेंच छापून काढावें. ग्रिमच्या सांगण्याप्रमाणें मूळ हस्तलिखितें तो जाळूनहि टाकीत असे. हा उद्योग निदान दोन वर्षें चालला. १७६४ मध्यें दिदेरो आपलाच एक लेख कांहीं कारणानें छापील पानांत पाहूं लागला, तेव्हां तो त्याला ओळखूं येईना. मग त्यानें इतर लेख पाहिले. त्या वर्षीं १२ नोव्हेंबर रोजीं त्यानें ल ब्रेतोंला लिहिलेलें पत्र आम्हीं वाचलें आहे. त्यांतला संताप अडीचशेंहून अधिक वर्षांनीं इंग्रजी भाषांतरांतूनहि हाताला चटका देतो. वीस सज्जनांनीं आपला वेळ, बुद्धि आणि जीव ज्या कामांत घातला त्याची त्यानें एकट्यानें कत्तल केली, असा त्या पत्राचा आशय आहे. कोशँच्या मूळ रेखाटनाचें वर्ष १७६४ असें आम्हीं आरंभीं सांगितलें, तें वाचकांनीं येथें आठवावें.

ल ब्रेतोंच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहीं नाहीं असें नाहीं. ग्रंथांत भांडवल त्याचें व त्याच्या भागीदारांचें गुंतलेलें होतें. शिक्षा व्हावयाची ती आधीं छापणाऱ्यास झाली असती. छापखान्यांतील कामगारांचीं पोटें त्यावर होतीं. त्याची भीति निराधार नव्हती याचा पुरावाहि मिळाला, कारण इतकी कापाकापी करूनहि १७६६ मध्यें त्याला आठवडाभर बास्तीयच्या तुरुंगांत जावें लागलें. मनाई असतां व्हर्सायला प्रती पाठविल्या एवढाच त्याचा अपराध. मग त्याचें कृत्य आणि दिदेरोचा आडपडदा यांत भेद कोणता? दोघांनींहि भयामुळें सत्य झांकलें. आमच्या मतें भेद आहे, आणि तो भयाच्या कमी-अधिकपणांत नाहीं. दिदेरोच्या पानावर वाचकाला कळूं शकतें कीं येथें कांहीं झांकलेलें आहे. ल ब्रेतोंच्या पानावर तें कळत नाहीं. सांधा इतका बेमालूम कीं, वाचक जें वाचतो तेंच लेखकानें लिहिलें असें समजतो, आणि ज्या मताचा लेखकाला तिटकारा, तें मत त्याच्याच नांवावर चढतें. अवगुंठन घातलेल्या मूर्तीपुढें उभा असलेला मनुष्य आपण मुख पाहिलें असें कधीं म्हणत नाहीं. ल ब्रेतोंनें मूर्तीला दुसरें मुख बसविलें.

पण गोष्ट येथें संपत नाहीं. दिदेरोनें पुढें काय केलें? पत्र लिहिलें, रागावला, आणि पुन्हां कामाला लागला. उरलेलें काम त्यानें पुरें केलें. दहा खंड बाहेर पडले; प्रती सुमारे चार हजार होत्या. त्यांतील एकाहि वर्गणीदाराला, तुमच्या हातांतील पानें कापलेलीं आहेत, असें त्यानें जाहीरपणें सांगितलें नाहीं. सांगतां आलें नसतें हेंहि खरें; बोभाटा झाला असता तर सरकारचें लक्ष गेलें असतें आणि सर्वच बुडालें असतें. ज्या मित्रांना सांगावयाचें त्यांना त्यानें सांगितलें. परंतु ज्या क्षणीं त्याला कळलें आणि तो गप्प बसला, त्या क्षणापासून ल ब्रेतोंच्या कात्रींत त्याचेंहि एक बोट अडकलें असें आम्हांस वाटतें. आम्ही दिदेरोचे चाहते आहों; हें वाक्य लिहितांना हात जड होतो. पण तें खोडावें असेंहि वाटत नाहीं. कापलेल्या मजकुराची मुद्रितें एका खंडांत बांधलेलीं कोणीतरी जपून ठेविलीं होतीं. तीं विसाव्या शतकांत उजेडांत आलीं, आणि १९४७ मध्यें दोघां अमेरिकन संशोधकांनीं तीं अभ्यासून प्रसिद्ध केलीं. वर्गणीदारांना सत्य कळण्यास एकशेंब्यायशीं वर्षें लागलीं. तोंपर्यंत वर्गणीदार कोणी उरले नव्हते.

प्रजेला फसविणें प्रजेच्या हिताचें असूं शकतें काय, हा प्रश्न त्या काळीं इतका चर्चेंत होता कीं, प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या इच्छेवरून बर्लिनच्या विद्वत्परिषदेनें त्यावर निबंधांची स्पर्धाच ठेवली. तिचा निकाल १७८० मध्यें लागला. बक्षीस विभागून दिलें : अर्धें 'असूं शकतें' म्हणणाऱ्यास व अर्धें 'नसतें' म्हणणाऱ्यास! विद्यापीठांत परीक्षक म्हणून बसण्याचे प्रसंग आम्हांवर पुष्कळ आले आहेत, त्यामुळें या निकालामागील मनःस्थिति आम्हांस चांगली समजते. पण या प्रश्नांतला 'प्रजा' हा शब्द आम्हांस खटकतो. तो विचारणारा स्वतःला प्रजेंत धरीत नाहीं. फसविलें जाणें कोणाच्या हिताचें हें ठरवावयाला बसलेल्या मंडळींत, ज्याला फसवावयाचें तो नसतो. ल ब्रेतोंच्या छापखान्यांतहि तो नव्हता.

आणि आमच्या खोलींतहि तो नव्हता. येथें आम्हांस आमच्याविषयीं कांहीं सांगणें प्राप्त आहे. या चित्रावर लिहावयाचें ठरविल्यापासून तें टाळतां येईल कीं काय हें आम्हीं पाहून घेतलें, पण तें टळत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीं जुन्या मराठी निबंधांचा एक संग्रह तयार करण्याचें काम एका मंडळानें आमच्याकडे दिलें होतें. त्यांत एकोणिसाव्या शतकांतील एका निबंधकाराचा लेख आम्हीं घेतला. लेख बाणेदार, पण त्यांत दोन ठिकाणीं एका समाजाच्या चालीरीतींवर असे शब्द होते कीं, ते आज छापले तर गहजब होईल असें मंडळांतील एका सभासदांस वाटलें. आम्हांस तसें वाटलें नव्हतें. निदान तेवढें वाटलें नव्हतें. पण काम वेळेवर संपवावयाचें होतें, आणि वाद नको होता. आम्हीं स्वतःच्या लेखणीनें ते दोन्ही परिच्छेद काढले. एका ठिकाणीं वाक्यांचा सांधा उघडा पडूं लागला, म्हणून तेथें आम्हीं एक 'म्हणून' घातलें. तो 'म्हणून' फार चांगला बसला. तीस वर्षें मराठी गद्य शिकविलेल्या माणसाला असा शब्द बसवितां येतो. पुस्तक निघालें, प्रस्तावनेंत आम्हीं निबंधकाराच्या स्पष्टवक्तेपणाची स्तुति केली.

दोन-तीन वर्षांनीं वर्गांतील एक विद्यार्थिनी ग्रंथालयांतून त्या निबंधकाराची जुनी, पानें पिवळीं पडलेली आवृत्ति घेऊन आमच्या खोलींत आली. तिनें दोन्ही पुस्तकें मेजावर शेजारीं ठेवलीं. "सर, हा मजकूर लेखकानें पुढच्या आवृत्तींत स्वतःच गाळला का?" असें तिनें विचारलें. तिच्या स्वरांत आरोप नव्हता. तिला खरोखरच ती माहिती हवी होती. ती लेखकाच्या मतपरिवर्तनावर कांहीं टिपण लिहीत होती, आणि आमच्या 'म्हणून'च्या आधारावर तिनें एक सबंध पान लिहून आणलें होतें. "जागा कमी होती, म्हणून संक्षेप केला," असें आम्हीं सांगितलें. "मग टिंबें कां दिलीं नाहींत?" ती म्हणाली. आम्हीं घड्याळाकडे पाहून तासाची वेळ झाल्याचें सांगितलें. तास होता हें मात्र खरें.

ते परिच्छेद गाळणें चूक होतें कीं नव्हतें यावर आम्ही आजहि निश्चित मत देऊं शकत नाहीं. तरुण मुलांच्या हातीं द्यावयाच्या पुस्तकांत संपादकाला निवड करावीच लागते, आणि दुसऱ्याच्या मनाला लागेल असें प्रत्येक जुनें वाक्य छापलेंच पाहिजे असा आमचा आग्रह नाहीं. सत्य बोलावें पण अप्रिय सत्य बोलूं नये, अशा अर्थाचें स्मृतिवचन आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्याची थट्टा करणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. न बोलण्याची मुभा तें वचन देतें. पण न बोललेल्या जागीं दुसऱ्याचे शब्द भरण्याची मुभा त्यांत आम्हांस कोठें सांपडत नाहीं. तीन टिंबें घातलीं असतीं तर ती मुलगी त्या टिंबांपाशीं थांबली असती, जुनें पुस्तक तिनें तरीहि काढलें असतें, आणि लेखकाविषयीं खोटें पान लिहिण्याचा तिचा श्रम वांचला असता. टिंबांनीं मंडळाचेंहि कांहीं बिघडलें नसतें. मग तीं आम्हीं कां घातलीं नाहींत? आम्हीं आपल्या मनाला हें पुष्कळदां विचारलें आहे. पुस्तक नीटनेटकें दिसावें असें आम्हांस वाटत होतें, यापलीकडे दुसरें उत्तर येत नाहीं. ल ब्रेतोंला निदान बास्तीयची भीति होती.

त्या छापापुढें आम्ही बसलों होतों तेव्हां बुद्धि व तत्त्वविद्या यांचेच हात पाहत राहिलों, आणि पलीकडे माला घेऊन उभी असलेली कल्पना ही शोभेची बाहुली म्हणून सोडून दिली. आतां त्या चित्राची प्रतिकृति समोर घेतली म्हणजे दृष्टि प्रथम तिच्याकडे जाते. अवगुंठन निघालें तर त्या जागीं लगेच दुसरें कांहीं चढवावयास ती सिद्ध आहे, आणि तें अवगुंठनापेक्षां सुंदर असणार. खुलाशांत तिच्याविषयीं सारें कौतुकाचेंच लिहिलें आहे. साहित्य शिकविणाऱ्या माणसानें तिच्याविरुद्ध बोलूं नये हें खरें. तिच्याच बाजूस काव्य आहे, संगीत आहे, आमचा सारा चरितार्थ आहे. पण आमचा तो 'म्हणून' बुद्धीच्या हातचा नव्हता.

ती विद्यार्थिनी पदवी घेऊन गेली. संग्रहाची नवी आवृत्ति निघणार असल्याचें कळलें, तेव्हां त्या दोन ठिकाणीं टिंबें घालावीं, एक शब्द काढावा, आणि प्रस्तावनेंत तशी एक ओळ छापावी, असें पत्र आम्हीं मंडळास लिहिलें. पानांची जुळणी तयार असल्यामुळें बदल करणें गैरसोयीचें आहे असें उत्तर आलें. आम्हीं दुसरें पत्र लिहिलें आहे.